काकीचा अभिप्राय

त्या सिनेमाला आमच्या गावात एकानेही वाईट म्हटलं नाही. चुकले, एका बाईने म्हटलं, आणि तिचं म्हणणं कागदावर मी उतरवलं. आता लिहायला बसलेच आहे तर आधीच सांगून टाकते, यात माझी बाजू काही चांगली नाही. गावाची माझ्याहून वाईट आहे, पण त्याने माझी चांगली होत नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि कचेऱ्यांवरच्या पाट्यांचे रंग अजून ताजे होते. आमचं गाव बांद्याहून आत, डोंगराला लागून. वर काजूच्या बागा, खाली भातशेती, मधून एक व्हाळ, म्हणजे ओढा. मी तेवीस वर्षांची होते आणि गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे केर काढण्यापासून कपाटाला कुलूप घालण्यापर्यंत जे काही असेल ते सगळं मीच.

वाचनालयात एक अभिप्राय वही होती. व्याख्यान असो, कीर्तन असो, चित्रांचं प्रदर्शन असो, कार्यक्रम झाला की ती वही फिरायची आणि प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या. अध्यक्षांनी घालून दिलेली ही पद्धत, आणि तिचे नियमही त्यांचेच. प्रमुख पाहुण्यांचा अभिप्राय सगळ्यांत शेवटी, नव्या पानावर. वार्षिक सभेत सगळ्यांत चांगल्या अभिप्रायाला एक पुस्तक बक्षीस, आणि तो ग्रंथपालाने मोठ्याने वाचून दाखवायचा. लोक लिहायचे तेही ठरलेलं असे. ‘कार्यक्रम स्तुत्य’, ‘असे उपक्रम वारंवार व्हावेत’. कीर्तनालाही तेच आणि कुक्कुटपालनाच्या भाषणालाही तेच.

या वहीत मी एक सुधारणा केली होती आणि तिचा मला फार गर्व होता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगायचं, मी लिहून घ्यायचं, खाली त्यांचं नाव आणि अंगठा. अध्यक्षांनी नाक मुरडलं. हेडमास्तर म्हणाले, करू दे, तरुण पोर आहे, हौस आहे. पहिल्या वर्षी जेमतेम तीन अंगठे मिळाले. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पळायच्या.

काकी मात्र हसणारी नव्हती. ती नेमकी कोणाची काकी हे कोणालाच सांगता आलं नसतं, अख्खा गाव तिला काकी म्हणे. लग्नानंतर तीन-चार वर्षांत नवरा गेला. डोंगरउतारावर नवऱ्याच्या वाट्याची काजूची बाग, तिच्या खाली व्हाळाच्या काठाला तिचं दोन खणांचं घर. काजूची बी सगळेच विकतात, पण बीच्या वर जे फळ असतं, ज्याला आम्ही बोंडू म्हणतो, ते बागेत कुजून जातं. काकी ते कुजू देत नसे. बोंडू तुडवून, रस आंबवून ती दारू काढायची. तिचं माहेर पलीकडे गोव्यात. तिथे हे काम घरोघर उघड्यावर चालतं. मधला नाका ओलांडून अलीकडे आलं की तोच गुन्हा होतो. माहेराहून येताना तिने एक तांब्याचं भांडं आणलं होतं, ज्यात आंबलेला रस चुलीवर चढवतात ते. त्याला भाण म्हणतात. तिच्या आईचं होतं ते.

काकी दारू काढते हे गावात कोणाला माहीत नव्हतं, असं कोणी म्हटलं तर त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. आमच्या फडताळात तिची बाटली होती, पोरांना सर्दी झाली की छातीला चोळायला. हेडमास्तरांचा गुडघा तिच्याच बाटलीवर चालत होता. अध्यक्षांच्या सुनेच्या बाळंतपणात शेक-मालिशीला काय वापरलं ते सुईण सगळीकडे सांगत होती. आणि दर वर्षी पहिल्या धारेची बाटली गावच्या वेशीवर देवचाराला जायची. गावाची राखण करणारा तो, त्याला वर्षाचं गाऱ्हाणं, म्हणजे गावाचं मागणं, घालताना ती लागतेच. मानकरी स्वतः काकीच्या दारात जाऊन ती घेऊन यायचे. देव आणि माणसं दोघंही तिचे गिऱ्हाईक होते, पण नाव कोणी घेत नसे.

तिच्या दिराचं घर गावात मोठं. तो तिला सारखा सांगायचा, एकटी कशाला राहतेस, आमच्यात ये, चुलीपाशी बस, बाग मी बघतो. काकी त्याला एकच उत्तर द्यायची आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं.

“माजा भाण आसा तवसर माका कोणाच्या चुलीकडे बसाची गरज नाय.”

तर असं होतं. त्या भांड्यावर तिचं सगळं उभं होतं, दोन खण घर, बाग आणि ताठ मान.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात दारूबंदीचे नवे साहेब बदलून आले. घाटावरचे होते. गावातच खोली घेऊन राहिले आणि दुसऱ्याच दिवशी वाचनालयाचे सभासद झाले. आठवड्याला दोन कादंबऱ्या न्यायचे, वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत करायचे. पुस्तक टेबलावर ठेवताना त्यातल्या एखाद्या माणसाबद्दल बोलायचे, जणू तो आमच्या दोघांच्या ओळखीतला असावा. माझ्याशी पुस्तकांवर बोलणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. ते येण्याच्या दिवशी मी जरा बरी साडी नेसायचे. हे मी लपवत नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

काजूचा हंगाम ऐन भरात असताना वाचनालयाने तो सिनेमा आणला. शहरातल्या कुठल्याशा मंडळाकडून रिळांचे डबे एस.टी.च्या टपावर बसून आले. सिनेमा परदेशातला, द्राक्षांची दारू करणाऱ्या एका गरीब कुटुंबाचा. पण फळ्यावर दारू कसं लिहायचं? बायका आल्या नसत्या आणि अध्यक्षांची अब्रू गेली असती. हेडमास्तरांनी तोड काढली. फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात आलं, ‘द्राक्षासव बनविणाऱ्या कष्टाळू कुटुंबाची हृदयस्पर्शी कथा’. प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांना बोलावलं. आमंत्रण द्यायला मीच गेले होते. दारूबंदीच्या साहेबांना दारूच्या सिनेमाला बोलवायचं यात काही वावगं आहे हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण फळ्यावर आसव होतं.

मशीनवाल्याला संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचं होतं, म्हणून खेळ रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये ठेवला. खिडक्यांना घोंगड्या आणि गोणपाटं टांगून अंधार केला. आत भट्टीसारखा उकाडा. पडद्यावरची भाषा कोणालाच कळत नव्हती, म्हणून हेडमास्तर वेताची छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले आणि मराठीत अर्थ सांगू लागले. सिनेमातले शेतकरी हेडमास्तरांच्या तोंडून ‘अहो मातोश्री, धीर सोडू नका’ असं बोलत होते.

गोष्ट सोपी होती. डोंगरातलं गाव, विधवा आई, तिचे तीन मुलगे आणि एक सून. त्यांची द्राक्षं आंबट म्हणून शहरातले मोठे व्यापारी त्यांना हसतात. थोरला खचतो, धाकटा पेटतो. मग गाणी होतात, नाच होतो, पोरी पांढरे झगे घालून मोठ्या टाकीत द्राक्षं तुडवतात. एक सरकारी अंमलदार येतो, खोटा कायदा दाखवून तळघराला सील ठोकतो. तेव्हा सगळं गाव कंदील घेऊन जमतं, अंमलदाराला उचलून रसाच्या पिंपात बुडवतं आणि सील तोडतं. शेवटी राजधानीत डोळे बांधून चव घेणारे लोक याच कुटुंबाच्या बाटलीवर बोट ठेवतात आणि म्हातारी आई चष्मा काढून डोळे पुसते.

अंमलदार पिंपात पडला तेव्हा आमच्या हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. माणसं बाकांवर उभी राहिली. पहिल्या रांगेत साहेब होते आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. मला ते किती मनमोकळे वाटले तेव्हा. शेवटी आईने डोळे पुसले तर अध्यक्षही धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मीही रडले.

काकी दाराशी बसली होती. बोंडूच्या रसाने आणि काजूच्या चिकाने तिचे हात कोपरापर्यंत काळे होते, ते तिने पदराखाली घेतले होते. तिला मात्र भलत्याच ठिकाणी हसू येत होतं. पोरी टाकीत नाचायला लागल्या तेव्हा ती मोठ्यांदा म्हणाली, “शिरा पडो ह्येंच्यार, झगे बगा कशे पांढरे!” पुढच्या बायकांनी वळून तिला गप्प केलं.

खेळ संपल्यावर साहेब चहा घेऊन गेले आणि वही फिरली. त्या दिवशी लोकांनी नेहमीसारख्या चार ओळी लिहिल्या नाहीत, पानं भरली. पोस्टमनने लिहिलं, ‘गरिबाच्या कष्टाला देव फळ देतो हे सिद्ध झाले.’ दुकानदाराने लिहिलं, ‘अन्यायी अंमलदारास पिंपात बुडविले ते योग्यच.’ अध्यक्षांचा अभिप्राय दीड पान होता. ‘छोट्या माणसावर प्रसंग आला असता संपूर्ण गाव एका दिलाने त्याच्या पाठीशी उभे राहते, हे पाहून ऊर भरून आला. आपल्या गावानेही हा आदर्श ठेवावा.’ हेडमास्तरांचा त्याहून सुंदर. ‘एकाकी, निराधार माउलीच्या हातची विद्या हे गावाचे धन असते. त्या धनाचे रक्षण करणे हाच खरा धर्म.’ खाली त्यांची सही, शेवटच्या अक्षरातून निघून उलटी मागे जाणारी लांब रेघ. मी ते वाचून भारावले. त्या काळी मला छापील वाटावं असं काहीही लिहिलेलं असलं की ते खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसली. आत ये म्हटलं तर आली नाही, हात दाखवून म्हणाली, पुस्तकांका डाग पडतले.

“काल सगळ्यांनी लिवल्यानी, माजा खंय आसा?” तिने विचारलं.

“तू सांग, मी लिवतंय,” मी म्हटलं आणि वही घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले.

मग काकी बोलायला लागली. तिच्यासारखं त्या सिनेमाबद्दल कोणीच बोललं नव्हतं. बाकीच्यांनी सिनेमा पाहिला होता, काकीने काम पाहिलं होतं.

“तुडवताना कोण हसाक नाय बाय. रस पायाच्या चिरेत गेलो काय आग होता, दातओठ खावन तुडवूचा लागता. आनी झगे? माज्या लुगड्याचो डाग मी मेलंय तरी जावचो नाय. रस आंबता तेवा बोलता. कान लावन आयकाचा लागता. तिसऱ्या दिसाक आवाज बारीक जाता, तेवा चढवूचो. सिनेमात एकान तरी कान लावल्यान? आनी चूल खंय? भाण खंय? थंड पाण्याबिगर धार कशी येतली? माजा घर व्हाळाक लागून आसा म्हणान बरा. फणसाच्या मुळातसून पाणी येता ता बर्फासारक्या थंड, थंयच माजी चूल, म्हणान माजी धार साफ येता. पयली धार देवचाराक, तेच्या आदी कोणाक नाय. तेंच्यात देवाक कोणी विचारूकच नाय.”

मी तिला म्हणू शकले असते की द्राक्षांची दारू चुलीवर चढवत नाहीत. म्हटलं नाही, कारण ती थांबावी असं मला वाटत नव्हतं. मी जसंच्या तसं, तिच्याच बोलीत लिहीत होते. त्या वहीत आमची बोली तोपर्यंत कधी आली नव्हती. लिहिता लिहिता माझ्या अंगावर काटा येत होता. एकदाही, अगदी एकदाही मनात आलं नाही की मी एका बाईच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब लिहून घेते आहे, फणसाच्या झाडाच्या पत्त्यासकट.

शेवटी काकीने वहीत डोकावून बघितलं. मग म्हणाली, “आनी शेवट खोटो. पिणारे करणाऱ्यासाठी उबे रवनत नाय. सायेब इलो काय जो तो आपल्या घरात. ह्या मात्र लिव हां.”

मी मान हलवली. पेन कागदावर ठेवलं आणि थांबले. बाकीचं सगळं सिनेमावर होतं, हे गावावर होतं. अध्यक्षांच्या दीड पानानंतर हे वाक्य बरं दिसलं नसतं. गावाला लागलं असतं, सभेत वाचताना माझी जीभ अडली असती. मी पूर्णविराम दिला, तिचं नाव लिहिलं आणि वही तिच्यापुढे केली. शाईची गरज पडली नाही. तिचा अंगठा काळाच होता, जरा ओला करून तिने उठवला.

आता फक्त प्रमुख पाहुण्यांचा अभिप्राय उरला होता, शेवटी, नव्या पानावर. संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत मी वही घेऊन साहेबांच्या खोलीवर गेले. डाव्या हाताला काकीचं पान, उजव्या हाताला त्यांचं कोरं पान. पुढे कितीतरी वर्षं लोक मला म्हणत, अगो, तुला कळलं नाही का. माझं उत्तर वाईट आहे. मला त्यांनी ते पान वाचायला हवं होतं. पुस्तकांवर बोलणाऱ्या त्या माणसाने माझ्या गावातलं, माझ्या हातून लिहिलं गेलेलं पान वाचून मान डोलवावी, एवढंच मला दिसत होतं. ते कुठल्या खात्यात आहेत हे मी विसरले नव्हते. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

त्यांनी उभ्याने वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं.

“हे सगळ्यांत खरं आहे,” ते म्हणाले. “बाकीच्यांनी शब्द लिहिलेत. ही बाई कोण?”

आणि मी सांगितलं. कौतुकाने सांगितलं. एकटी राहते, फार करारी आहे, माहेर गोव्यातलं. त्यांनी पेन काढून आपला अभिप्राय लिहिला, ‘चित्रपट उत्तम. परंतु या वहीतील एक अभिप्राय चित्रपटाहूनही उत्तम आहे.’ मी वाटभर तरंगत घरी आले.

चौथ्या दिवशी सकाळी वाचनालयासमोरून जीप गेली. मी झाडू हातात घेऊन दारात उभी होते. जीपमध्ये पुढे साहेब होते, मागे दोन शिपाई. आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेले अध्यक्ष आणि हेडमास्तर. छाप्याला गावातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात. तेव्हा मला कळलं. झाडू हातातच राहिला.

मी धावत गेले, पण त्या वाटेला पोचेपर्यंत सगळं झालं होतं. वाटेवरच्या एकूण एक घराचं दार बंद होतं. भर सकाळी, हंगामाच्या दिवसांत, गुरं गोठ्यात हंबरत होती आणि माणूस एक बाहेर नव्हतं. रस जमिनीवर ओतला होता, त्याचा आंबूस वास सगळ्या काठावर भरून राहिला होता आणि माश्या घोंघावत होत्या. तुडवायच्या बोंडूंचा ढीग तसाच पडून होता. भाण जीपमध्ये चढवलं होतं. काकी जीपशेजारी उभी होती, हात पुढे बांधून. माझ्याकडे तिने एरवीसारखंच बघितलं. मला वाटलं, तिला अजून माहीतच नाही. पान वाचून आले आहेत हे तिला कोणी सांगितलं असणार?

हेडमास्तर फणसाच्या बुंध्याला टेकून गुडघा चोळत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, “सर, तुम्हीसुद्धा?”

“साहेब बोलावतात तर नाही कसं म्हणायचं?” ते म्हणाले. “आणि आपण काय केलं? आपण फक्त जे दिसलं त्यावर सही केली.”

काकीला त्या दिवशी नेलं. दुसऱ्या दिवशी दीर जाऊन जामीन राहिला आणि तिला घेऊन आला, तो थेट आपल्या घरी. व्हाळाच्या काठच्या घराला त्याने आपलं कुलूप घातलं. बाग तोच बघायला लागला. जामीन राहिलेल्या माणसासमोर काकी काय बोलणार होती?

काही दिवसांनी तो दीरच पंचनाम्याची नक्कल घेऊन वाचनालयात आला, कारण त्याला सरकारी मराठी समजत नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं. ‘सदर इसम स्त्री ही बेकायदा हातभट्टी चालवीत असल्याचे आम्हा पंचांसमक्ष आढळून आले.’ खाली दोन सह्या. दुसऱ्या सहीच्या शेवटच्या अक्षरातून एक लांब रेघ निघून उलटी मागे गेली होती. कपाटातली वही काढून शेजारी ठेवायची मला गरज नव्हती. ती रेघ मी ओळखत होते.

साहेब पुढच्या आठवड्यात कादंबऱ्या परत करायला आले. कव्हरं घातलेली. मी पुस्तकं घेतली नाहीत, टेबलावरच राहू दिली.

“तुम्ही माझ्यावर रागावला आहात,” ते म्हणाले. “पण वही तुम्हीच आणून दिलीत. वाचून न वाचल्यासारखं मी कसं करणार होतो?”

त्यांनी विचारलं, त्या लेखकाचं दुसरं काही आहे का. मी कपाटातून काढून दिलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. हे मी स्वतःला कधीच माफ केलेलं नाही. पुस्तक दिलं यापेक्षा, नोंदीतलं माझं अक्षर नेहमीसारखंच नीट आलं याबद्दल.

एका संध्याकाळी अध्यक्ष आले आणि म्हणाले, वही द्या. त्यांनी काकीचं पान शोधलं, पट्टी लावून नीट फाडलं आणि चौकोनी घडी करून खिशात घातलं. “वाचनालयाचं नाव नको यात यायला,” ते म्हणाले. “तुमच्याच भल्यासाठी.” माझं भलं त्यात होतंच, म्हणून मी वही परत कपाटात ठेवून कुलूप घातलं. साहेबांनी ज्याचं कौतुक केलं होतं तो अभिप्राय आता वहीत नव्हता आणि कौतुक मात्र तिथेच होतं. वार्षिक सभेत कोणीतरी विचारलंही, साहेबांनी कोणाचं कौतुक केलंय हो? अध्यक्ष हसून म्हणाले, आणखी कोणाचं असणार? आणि बक्षीस हेडमास्तरांना दिलं.

नियमाप्रमाणे वाचून दाखवायचं काम माझं होतं. मी उभी राहिले. ‘एकाकी, निराधार माउलीच्या हातची विद्या हे गावाचे धन असते. त्या धनाचे रक्षण करणे हाच खरा धर्म.’ आवाज स्पष्ट होता माझा, शाळेत वक्तृत्वात नंबर यायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं का ते मी बघत होते. काही हललं नाही. त्यांना खरोखर ते सिनेमाबद्दलच वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी देवचाराची बाटली पलीकडून आणली. मानकरी म्हणाले, हिला काकीच्या धारेची सर नाही. एवढीच काय ती गावाने घेतलेली दखल.

मी काकीला भेटायला गेले ती सरळ दोन पावसाळे उलटल्यावर. आधी धीर झाला नाही. तिच्या दिराच्या घरी मागच्या पडवीत ती चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. चुलीवर भाताचं भलंमोठं टोप होतं, चौदा माणसांचं. मला पहिल्यांदा दिसले ते तिचे हात. सगळे डाग गेले होते. मी मेले तरी जायचे नाहीत असं ती लुगड्याबद्दल म्हणाली होती, हातांबद्दल नाही, तरी मला ते बघवेना.

मी खाली बसले आणि ठरवून आले होते ते सगळं सांगून टाकलं. वही मी नेली, मी दाखवली, तू कोण ते मीच सांगितलं. काकीने निवडणं थांबवलं नाही.

“जाणां मी,” ती म्हणाली. “सायबान तेवाच सांगल्यान, आजी तुमीच लिवन दिल्यात म्हणान. तुजेर राग नाय माजो. माका बोलूक तूच सांगलंस, आनी माका बोलूक बरा वाटला. तसा कोणी माका इचारूकच नाय कदी.”

मी रडायला लागले. ती मला रडू देत होती. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“एक सांग माका. अखेरीक बोललंय मी, शेवट खोटो म्हणान. पिणारे उबे रवनत नाय म्हणान. जीप इली तेवा एक दार उगडा नाय व्हता बाय, मी बगलंय. ता तरी लिवलंस मां?”

पान फाडलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. विचारायला ती कोणाकडे जाणार नव्हती.

“व्हय काकी,” मी म्हटलं, “लिवलंय.”

“बरा केलंस,” ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.